एक दिवसाआडचं कुंकू

पोशव्वा एक दिवसाआड कुंकू लावायची. एक दिवस कपाळावर रुपयाएवढं, ठसठशीत. दुसऱ्या दिवशी कपाळ साफ. मला हे माहीत नव्हतं, त्यामुळे पहिले पाच-सहा दिवस मी तिला दोन बायका समजत होतो. जाफराबादच्या रस्त्यावरच्या एका गावात संकरित कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट होता आणि जालन्याच्या कंपनीने मला तिथे देखरेखीला पाठवलं होतं. बाविसाव्या वर्षी शेतकी शाळेचा ताजा दाखला हातात होता आणि अक्कल त्या दाखल्याएवढीच होती. बायकांची नावं पाठ होईनात म्हणून मी वहीत खुणा लिहून ठेवल्या होत्या. त्यात एक होती ‘उंच, कुंकू मोठं, अंगठ्याचं नख लांब’ आणि दुसरी ‘उंच, विधवा, अंगठ्याचं नख लांब’. सहाव्या दिवशी मी बायकांची मुकादमीण सारजाबाई हिला विचारलं, “या दोघी बहिणी कधी एका दिवशी कामाला येत नाहीत, असं का?”

सारजाबाईने पदर तोंडात कोंबला. हसू काही तिला आवरेना. “आवं सायेब, ती एकच हाये! तेलंगणातली पोशाबाई. आज सवाशीण, उद्या रांडमुंड. आमालाच कळून न्हाई राह्यलं, तर तुमाला काय कळनार?”

त्या दिवसापासून मी गोंधळलो तो आजपर्यंत पुरता सावरलेलो नाही. पोशव्वाबद्दल काही लिहायचं तर ते गोंधळासकट लिहावं लागेल.

ती गावात आली दुष्काळात. बहात्तर साली गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा तेलंगणातून माती खोदणारी एक टोळी तिथे उतरली. पोशव्वा आणि तिचा नवरा राजय्या त्या टोळीत होते. तो खोदायचा, ती पाटी वाहायची. पुढे पाऊस झाला, काम आटोपलं आणि टोळीच्या मुकादमाने गुजरातेत कुठल्या तरी धरणावर काम धरलं. फक्त गडीमाणसं न्यायचं ठरलं. निघताना राजय्या तिला म्हणाला, “तळ्याजवळच थांब. मी येतो.” मी गेलो तेव्हा त्याला तीन वर्षं झाली होती. तळ्याच्या बांधाखाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं खोपट करून ती राहत होती. सारजाबाईच्या घराशेजारी एक खोली रिकामी पडली होती. “ये म्हनलं तर येत न्हाई,” सारजाबाई सांगायची. “म्हनते, मी गावात आलो आन तो तळ्यावर आला तर? आता येवढं मोठं गाव त्याला दिसनार न्हाई का?”

या तीन वर्षांत राजय्याच्या दोन बातम्या आल्या होत्या. टोळीतला एकजण परतताना सांगून गेला की तिकडे दरड कोसळली, माणसं दबली; पण त्यात राजय्या होता की नव्हता हे त्याला सांगता येईना. वर्षाने दुसरा एक आला. तो म्हणाला, मी राजय्याला एका स्टेशनावर पाहिला. पण पाठमोरा. हाक मारेपर्यंत गाडी सुटली. म्हणजे एका बातमीत तो मेला असावा आणि दुसरीत जिवंत असावा, आणि दोन्ही बातम्या सारख्याच पांगळ्या.

मी एकदा तिला कुंकवाचं विचारलंच. ती लाल कागदाच्या टोप्या वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मालूम न्हाई तोपत्तर दोन्ही बराबर, साब. तो जिता असंल तर कपाळ उघडं ठेवणं पाप. मेला असंल तर कुंकू लावणं पाप. मंग मी काय करतो? एक दिवस हे, एक दिवस ते. आधंच पाप करतो.”

तिची मातृभाषा तेलुगू. मराठी या गावात येऊन शिकलेली, त्यात हैदराबादी बोली मिसळलेली, आणि बोलताना ती स्वतःला पुरुषासारखं ‘करतो, जातो’ म्हणायची. मी आपला शहाणपणा काढला. म्हणालो, “अहो, पण माणूस सोमवारी जिवंत आणि मंगळवारी मेलेला, असं कसं असेल?”

“ते त्याला इचारा ना,” ती म्हणाली आणि दुसरी टोपी वळायला घेतली.

आता या टोप्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या कामात अडकलेलं आहे. संकरित बियाणं हाताने करावं लागतं. दुपारनंतर बायका मादी झाडांच्या ओळींत शिरतात. उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर अलगद सोलून काढायचे आणि उरलेल्या नाजूक काडीवर लाल कागदाची टोपी घालायची. एवढासा पुंकेसर आत राहिला तर कळी वाया जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत नर झाडांची फुलं तोडून आणायची आणि टोपी काढून त्या काडीवर घासायची. कळ्या सोलण्यात पोशव्वाचा हात धरणारी बाई त्या पंचक्रोशीत नव्हती. तिचं नख कळीला लागलंय की नुसतं फिरून आलंय, हे समोर बसून कळायचं नाही. “कळी रडली न्हाई पायजे,” असं ती नव्या पोरींना सांगायची.

दुपारच्या कामाचं कुणाला काही नव्हतं. अडचण सकाळच्या कामाची होती. बायका त्याला ‘लगीन लावणं’ म्हणायच्या, आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. हंगामाच्या पहिल्या सकाळी त्यांनी नर झाडांना हळदकुंकू वाहिलं, दोरा गुंडाळला, मूठभर तांदूळ टाकले आणि मग पहिलं फूल तोडलं. लग्न म्हटलं की त्याला विधवेचा हात लागायचा नाही. त्यामुळे कुंकवाच्या दिवशी पोशव्वा सकाळच्या ओळीत असायची आणि उघड्या कपाळाच्या दिवशी बांधावर बसून टोप्या वळायची. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मला ते पटत नव्हतं, पण चाललंय तर चालू दे म्हणून मी गप्प होतो.

भादव्याच्या शेवटी झड लागली आणि चौथ्या दिवशी पात्या, म्हणजे बारीक कळ्या, नि कोवळी बोंडं गळून ओळींत खच पडला. पावसाने बोंडं गळतात, हे माझ्या पुस्तकात लिहिलेलं होतं. सारजाबाईचं पुस्तक वेगळं होतं. ती म्हणाली, “काल रांडमुंड आन आज सवाशीण, आसं आसतंय का कुटं? तिनं लावलेलं लगीन टिकल कसं? तिला सकाळचं घ्यायचं न्हाई. कवाच न्हाई.” तिच्या मनात पोशव्वाबद्दल आकस नव्हता. दुपारी स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी तीच पोशव्वाला द्यायची. पण भाकरी वेगळी आणि लगीन वेगळं.

मी बायकांना बांधावर बसवलं आणि एक फूल उभं चिरून परागकण कसे रुजतात ते अर्धा तास समजावलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी सारजाबाई उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, “बराबर हाय सायेब तुमचं. बिलकुल बराबर. पन उद्या तिला सकाळी घेतलं तर आमी येत न्हाई.”

मला संताप आला, आणि तो सगळाच शास्त्राचा नव्हता. माझी आई अंबडला मजुरीला जायची. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमचं घर छप्पन सालीच बौद्ध झालेलं. कुंकू, विधवा वगैरे भानगडी आईने मनातून काढून टाकल्या होत्या. तरी कुणाच्या लग्नाला गेलं की ती मांडवाच्या अगदी कडेला उभी राहायची. मी हाताला धरून पुढे ओढायचो. “इथून बी दिसतंय ना,” म्हणायची. बांधावर टोप्या वळत बसलेली पोशव्वा पाहिली की मला तो मांडव आठवायचा.

शेताचे मालक दिगंबरराव व्यवहारी गृहस्थ. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “सकाळी नसणारी बाई मला परवडत नाही. येत्या बाजारच्या दिवसापासून तिला बंद करा.” त्या दिवसांत गावात दुसरं काम नव्हतं. प्लॉट सुटला की पोशव्वाला गाव सोडावं लागणार, हे तिलाही कळत होतं. त्या दुपारी ती माझ्याजवळ आली. आयुष्यात तिने मला एवढंच गाऱ्हाणं सांगितलं. “साब, पोट मी कुटं बी भरीन. पण मी गेलो, आन तो तळ्यावर आला, तर कुणाला इचारंल?”

बाजाराला तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन कंपनीचं कार्ड घेऊन आला. लाल कागद आणि दोरा मंगळवारच्या गाडीने पाठवत आहोत, उतरवून घ्यावा. मी ते वाचलं आणि समोर बायका उभ्या होत्या, पोशव्वा बांधावर होती. मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्याने म्हणालो, “पोशव्वा, तुमचं कार्ड आलंय! राजय्याचं!”

आणि वाचत सुटलो. मी खुशाल आहे. गुजरातेत धरणावर काम चालू आहे. मध्ये ताप आला होता म्हणून कळवता आलं नाही. इथल्या एका ओळखीच्याकडून मराठीत लिहवून घेतलं आहे. तळ्याजवळच थांब. शेवटचं वाक्य वाचताना मी स्वतःवरच खूश झालो. सारजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती धावत बांधावर गेली, पोशव्वाचा हात धरून तिला ओळीत घेऊन आली आणि म्हणाली, “जिता हाये गं तुजा मालक! उभी काय राह्यली, फूल घे.” पोशव्वा माझ्याकडे बघत होती. मग तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “कार्ड द्या, साब. ठेवतो.” नाही म्हणायला माझ्याजवळ काही कारण नव्हतं.

त्या दिवसापासून तिने रोज कुंकू लावलं. दिगंबररावांचा हुकूम आपोआप रद्द झाला. झड संपली, ऊन पडलं, बोंडं टिकू लागली, आणि सारजाबाईने त्याचं सगळं श्रेय कार्डाला दिलं. मी मात्र फसलो. दर चार-आठ दिवसांनी पोशव्वा कमरेच्या पिशवीतून ते कार्ड काढायची आणि म्हणायची, “साब, जरा वाचून दाखवा.” मी काय वाचलं होतं ते मलाच आठवायचं नाही. एकदा मी वाचलं की पाय मुरगळला होता म्हणून कळवता आलं नाही.

“मागल्या टायमाला बुखार म्हणले होते,” ती म्हणाली.

“बुखारातच मुरगळला,” मी म्हणालो.

“अय्यो,” ती म्हणाली आणि कार्ड घडी न घालता जपून परत ठेवलं. कधी वाटायचं, आपण एका बाईचं गाव वाचवलं. कधी वाटायचं, आपण एका बाईला तळ्यावर बांधून ठेवलं. खरं सांगून टाकावं असं मी रोज ठरवत होतो आणि रोज तिचं कुंकू बघून गप्प बसत होतो.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर असताना मल्लय्या आला. हा तिच्याच टोळीतला, गुजरातेहून थेट आलेला. फाट्यावर उतरून विचारत विचारत तो दुपारी शेतात पोचला आणि पोशव्वाशी तेलुगूत बोलू लागला. आम्ही सगळे कळ्या सोडून बघत राहिलो. तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं, दोनतीन प्रश्न विचारले. सारजाबाईला धीर धरवेना. “काय म्हनून राह्यला गं त्यो?”

“जिता हाय,” पोशव्वा म्हणाली.

बायकांनी एकच गलका केला. सारजाबाईने गुळाचा खडा शोधायला फडकं सोडलं. माझं खोटं खरं निघालं होतं! इतकं हलकं मला त्या हंगामात वाटलं नव्हतं.

“दुसरी हाय,” पोशव्वा तशाच आवाजात पुढे म्हणाली. “धरणाजवळ खोली हाय. पोरगं हाय, चालायला लागलं म्हणतो.”

सारजाबाईचा हात फडक्यातच राहिला. पोशव्वाने रिकामा तांब्या उचलला आणि म्हणाली, “मालूम झालं.” मग ती ओळीत शिरली आणि राहिलेल्या कळ्या सोलू लागली. त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिची ओळ तपासली. एकही पुंकेसर आत राहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती माझ्या खोलीवर आली. हातात पोस्टमनकडून घेतलेलं कोरं कार्ड होतं. उंबऱ्याशी बसली. “साब, राजय्याला एक कार्ड लिवा. पत्ता मल्लय्यानं दिला.”

“काय लिहू?”

“लिवा, पोशव्वा मेली.”

मी पेन खाली ठेवलं. म्हणालो, “अहो, तुम्ही तर माझ्यासमोर बसल्या आहात. असं खोटं कसं लिहू?”

“तुम्ही खोटं वाचलं होतं ना. आता एक खोटं लिवा. बराबर झालं.”

मी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. कंपनीचं छापील कार्ड होतं, साब. माती खोदणाऱ्याला छापील कार्ड कोण देतंय?”

“मग मला पुन्हा पुन्हा का वाचायला लावलंत?”

“ऐकायला बरं वाटायचं,” ती म्हणाली. “दर टायमाला नवीन निघायचं.”

ती हसली. मला हसता येईना. मी विचारलं, “आणि कुंकू? खोटं आहे हे माहीत असून रोज लावत होता?”

“तुम्ही एवढं मन लावून वाचलं सगळ्यांसमोर. म्या कुंकू न्हाई लावलं असतं तर तुम्ही खोटे पडले असते. बाया तुमचं ऐकल्या असत्या का मंग?”

इतके दिवस मी समजत होतो की मी तिला सांभाळतोय. मान खाली घालून मी पेन उचललं. तरी एकदा म्हणालो, “हे वाचून तो रडेल, पोशव्वा.”

“रडंल, न्हाई रडंल. ते मला मालूम करायचं न्हाई आता. लिवा. पोशव्वा मेली. कुंकू लावून मेली.” आणि मी थांबलो तशी बोट कार्डावर ठेवून पुन्हा म्हणाली, “ते इसरू नका. कुंकू लावून मेली.”

नवरा जिवंत असताना बाई गेली तर तिला हळदकुंकू लावून, हिरवा चुडा भरून नेतात. तिच्याकडेही तसंच आणि इकडच्या गावांतही. तो मान देणारं तिचं कुणी जवळ नव्हतं, तेव्हा तिने तो माझ्याकडून लिहवून घेतला. मी दोन ओळी लिहिल्या. तिने कार्ड हातात घेतलं आणि एक कोपरा फाडला, कारण मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो. मग स्वतःच्या कपाळावरचं कुंकू अंगठ्याला घेऊन तिने ते कार्डावर टेकवलं, लग्नपत्रिकेला लावतात तसं. मरणाचं की लग्नाचं, पोस्टातल्या माणसालाही कळू नये असं ते कार्ड झालं.

“आता वाचा,” ती म्हणाली. “बराबर वाचा.”

मी वाचलं. त्या हंगामात तिला मी जे जे वाचून दाखवलं, त्यात लिहिल्याप्रमाणे वाचलेलं तेवढं एकच. दुपारी फाट्यावर जाऊन मी ते पेटीत टाकलं. माझं कार्ड खोटं होतं आणि ते खरं निघालं. तिचं कार्ड खोटं होतं, पण ते खोटं म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. उत्तर काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशव्वा कामाला आली तेव्हा कपाळ साफ होतं. बायका नर झाडांपाशी फुलं तोडत होत्या. त्यांचे हात थांबले. सारजाबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काय गं पोशे, नवरा जिता निघाला आन आज कपाळ उघडं? कुंकू कुटंय?”

“कार्डासंगं गेलं,” पोशव्वा म्हणाली. ती बांधाकडे गेली नाही, तिथेच उभी राहिली.

सारजाबाई तिच्या कपाळाकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता बायका चालत्या होणार. सारजाबाईने पदराच्या ओटीतली फुलं चाचपली, मूठभर काढून पोशव्वाच्या ओटीत टाकली आणि खेकसली, “मंग उभी काय राह्यली? ऊन चढून राह्यलं. ती ओळ धर.”

त्याच आठवड्यात पोशव्वाने तळ्याखालचं खोपट मोडलं आणि पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर घेऊन ती सारजाबाईच्या शेजारच्या खोलीत राहायला आली. त्या पऱ्हाट्या दोघींच्या चुलींना दिवाळीपर्यंत पुरल्या.